तेराचा फोटो

साठच्या दशकात दुबईबाहेरच्या एका तेलकंपनीच्या कॅम्पात मी मेसमध्ये बेअरर होतो. रत्नागिरीकडच्या बंदरातला माणूस, फाटक्या तोंडाचा. पोटात काही राहायचं नाही.

ड्रिलिंगवर एक फ्रेंच साहेब होता. चाळिशीचा, कान चुरगळलेले. शुक्रवारी इंग्रज साहेब वाळूवर तेल शिंपडून केलेल्या मैदानात रग्बी खेळत, त्यांच्यात हाही असे. पाय थकले होते, पण चेंडू हातात आला की गडी कोणाला सापडायचा नाही. त्याचे बूट गुरुवारी मी चमकवून ठेवी.

एका गुरुवारी बूट देताना त्यानं पेटीतून फोटो काढला. तेरा खेळाडू, मध्ये तो. मग मोडक्या इंग्रजी-हिंदीत सगळं सांगितलं. रग्बी दोन तऱ्हेचा. पंधरा जणांचा, तो फुकट खेळायचा. आणि तेरा जणांचा, तिथं पगार. हा पंधरात वाढला, देशाच्या संघापर्यंत पोचला. मग संसार मागं लागला, तेरावाल्यांनी पगार देऊ केला, हा गेला. तिथंही देशासाठी खेळला. पण एकदा तो पगार घेतला की पंधराचं मैदान जन्मभर बंद. गावच्या क्लबात सख्खा भाऊ खेळे आणि हा कुंपणाबाहेर उभा.

"इथं कोणाला ठाऊक नाही," तो म्हणाला. "बारा वर्षांनी पंधरात खेळतोय. किसी को बोलना नहीं. बोललास तर खलास."

"नाही बोलणार, साहेब," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी शारजाच्या तळावरचे फौजी सामन्याला आले. ह्यानं त्यांना पार दमवलं. खेळ संपल्यावर मी लिंबूपाणी फिरवत होतो. त्यांच्या कॅप्टननं विचारलं, "हा तुमचा फ्रेंच शिकला कुठं?"

आमच्या बंदरावर एखाद्या तांडेलाला दुसऱ्या गावच्या होडीवाल्यानं जास्त वाटा देऊन नेलं, की घरचे चार गावांत सांगत फिरत. पैसे मोजून नेलेला माणूस म्हणजे कसबाचा माणूस. फ्रेंच साहेब नजर लागू नये म्हणून लपवतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"ऐरागैरा नाही, साहेब. तेराच्या रग्बीत पगारावर खेळायचा तो!"

वाटलं, त्याची इज्जत वाढवली. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवायचं होतं. एवढ्या माणसानं माझ्यासमोर पेटी उघडली होती. कॅप्टननं ग्लास खाली ठेवला आणि आमच्या मॅनेजरला बाजूला घेतलं.

फ्रेंच साहेबाचं नाव संघातून कापल्याचं मला बुधवारीच मेसमध्ये कळलं. तरी गुरुवारी त्यानं बूट दिले आणि मी ते गुपचूप चमकवले. सांगायची हिंमत झाली नाही. शुक्रवारी तो तयार होऊन आला, तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांदेखत त्याच्या हातात रेषेबाहेर उभं राहून चेंडू बाहेर गेला की दाखवायचा झेंडा दिला. त्यानं तो खाली ठेवला आणि खोलीकडे निघून गेला.

"कोणी सांगितलं असेल?" संध्याकाळी त्यानं मला विचारलं.

"कळेल साहेब, इन्शाल्ला," मी म्हणालो. अल्लाचं नाव घेऊन म्हणालो. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

करार संपवून तो निघाला, तेव्हा फोटो माझ्यापुढे धरला. "घरी भाऊ येतो, भिंतीवर लावता येत नाही. तुझ्याकडे असू दे. तू पोटात ठेवणारा माणूस आहेस."

आणि मी तो घेतला.