बाळंतिणीची खोली

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. म्हणून सहाव्या महिन्यात लेक पनवेलहून मागची खोली बघायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. फाटक्या ताडपत्र्या, दोऱ्या, फुटकी कौलं, झाकणं हरवलेले डबे आणि पलंगाच्या जागेमागे भिंतीला उभे टेकवलेले नऊ गंजके पत्रे.

"आई, बाळाला इथे झोपवू? त्यापेक्षा मी सासरीच राहते."

"राहा ना मग," मी म्हणाले. माझी जीभ मनाच्या आधी पळते. ती दुपारच्या गाडीने परत गेली. मग मात्र मला घाम फुटला, कारण ती बोलते तसंच करते.

मागे एकदा वादळात आमचं अख्खं छप्पर उडालं होतं. बोर्ली पंचतनच्या बाजारात पत्रा मिळेना, श्रीवर्धनला मिळेना. भर पावसात आम्ही नवरा-बायको पलंगाखाली बसून भिजलो. तेव्हापासून कुणी काही टाकलेलं दिसलं की माझा हात आपोआप जातो. लोक हाव म्हणतात. हाव कसली, भीती आहे ती.

तालुक्याच्या दवाखान्यात मनाचे आजार बघणाऱ्या एक बाई बसतात. मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. त्यांनी "सगळं टाका" म्हटलंच नाही. रोज सकाळी चहानंतर घड्याळ लावून दहा मिनिटं, तीन वस्तू बाहेर काढायच्या. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. छाती धडधडली तर धडधड उतरेपर्यंत तिथेच बसायचं. रस्त्यात काही उचलावंसं वाटलं तर आधी विजेच्या पुढच्या खांबापर्यंत चालत जायचं.

पहिला आठवडा मी अगदी इमानेइतबारे केलं. बाईंनी विचारलं, "बाहेर म्हणजे कुठे ठेवलंत?"

"गोठ्यात."

गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच होता. बाई हसल्या नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. त्या दिवसापासून वस्तू थेट भंगारवाल्याकडे जायची, असं ठरलं.

मग मी एकदा पालीला दर्शनाला गेले, तेवढ्यात नवऱ्याने टेम्पो बोलावून अर्धी खोली उपसली. मी खूश होईन असं त्या भल्या माणसाला वाटलं! मी गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेले आणि ताडपत्र्या डोक्यावर घेऊन भर बाजारातून परत आणल्या. बायका बघत होत्या. लाज वाटत होती, पण पाय थांबले नाहीत. पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "मी हात न्हाय लावणार. पण तुजी धा मिनिटं होईस्तवर हितं बसतो."

तो कपबशी घेऊन पायरीवर बसायचा. मी एकेक वस्तू हातात घेऊन विचारायची, गेल्या पावसात हिचा काही उपयोग झाला का? कधी तीन निघायच्या, कधी एकच, आणि एकेका दिवशी नुसतीच धडधड. लेकीचा आठवा महिना सरेपर्यंत जमीन दिसली, पलंग लागला. पत्रे तेवढे राहिले.

खोली मोकळी झाल्याचं कळवलं तेव्हा लेक आली, पण खांद्यावरची पिशवी काही खाली ठेवीना.

"पत्रे?"

"असू दे गं. लागतील."

"वाऱ्याने पलंगावर पडतील."

ती बाळावर म्हणाली नाही, पलंगावर म्हणाली. एवढं जपून माझी लेक माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि त्याचाच मला धसका बसला. ती परत निघाली तर आता पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं.

भंगारवाल्याचा वार होता. टेम्पोचा भोंगा वाजला. नवरा उठला, मी त्याला डोळ्यांनीच बसवलं. आठ पत्रे मी एकटीने ओढत रस्त्यापर्यंत नेले. नवव्याचं एक टोक भंगारवाल्याच्या हातात, दुसरं माझ्या.

"काकू, सोडा ना."

"सोडते. थांब जरा."

छातीत नुसतं धाडधाड होत होतं. डोळ्यांपुढे ते उघडं छप्पर. लेक ओटीवर उभी, पिशवी तशीच खांद्यावर. मी तिच्याकडे बघितलं आणि बोटं सोडली.

तिने आत जाऊन पिशवी ठेवली. थोड्या वेळाने डोकावले तर ती कुशीवर झोपली होती. मी खोलीच्या दारात बसले. टेम्पो अजून शेजारच्यांकडे उभा होता, दहा पावलांवर.

"आत येऊन बस की गो," नवरा म्हणाला.

"नको. हिच्या खोलीत कुणी काही आणून टाकलं तर?"

"कोण टाकणार हाय?"

"मी."