सगळ्यांना मनाई

तुमच्या गावाचा पुरावा ज्या डिस्कवर आहे, ती तुमच्याशिवाय कोणाला उघडता येते का?

येऊच नये, असं मला वाटायचं. आमच्या स्मशानाच्या वाटेवर एका रिसॉर्टवाल्याने कुंपण घातलं. वाट जुनी आहे, हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने त्याच वाटेवर उभं राहून सांगितलं. मी त्याचा व्हिडिओ केला. महिनाभरात ती वारली. व्हिडिओ विहारातल्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर होता आणि नेमका कुंपणाविरुद्धच्या सुनावणीच्या सकाळी तो कॉम्प्युटर बंद पडला.

बोर्ली पंचतनच्या दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर दिसला, उघडेना. 'ॲक्सेस डिनाइड.' एकची एसटी, तीनला श्रीवर्धनला सुनावणी. साडेबारा वाजले होते.

"फॉरमॅट मारू? डिस्क एकदम नवी होईल."

"आणि आतलं?"

"ते जाणारच."

"हात तर लावून बघा!" मी ओरडले.

म्हातारीची मुलगी, जिला सगळं गाव मावशी म्हणतं, शेजारीच होती. दुकानदाराने फोल्डरची सिक्युरिटीची खिडकी उघडली. मालकाच्या जागी लांबलचक आकडा, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं खातं. या लॅपटॉपला ते ओळखीचं नव्हतं. खाली एक ओळ: एव्हरीवन, डिनाय.

"ही सगळ्यांना मनाई कोणी लावली?" त्याने विचारलं.

मी घड्याळाकडे पाहू लागले.

"अगो, सभेत माइक सोडीत न्हायस. आता काय झालं?"

"मीच लावली, मावशी." रिसॉर्टवाल्याचा पुतण्या वाचनालयात पेपर वाचायला यायचा. त्याने व्हिडिओ पुसू नये म्हणून मी मनाईच्या चौकटीत खूण केली होती. सगळ्यांत मीही येते हे सुचलं नाही, आणि पुन्हा उघडून पाहिलंही नाही. वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत मी वाढले. 'माहिती सर्वांना खुली करा' हे मी स्वतः छापून वाटलंय.

"म्हंजे त्यानं कुंपान घातलं," मावशी म्हणाली, "नि तू बी."

दुकानदाराने आधी फोल्डरची मालकी लॅपटॉपच्या खात्याकडे घेतली, आतल्या फायलींसकट. मग मनाईची ती ओळ काढली. बदल किती झाला ते दाखवणारी हिरवी पट्टी सरकू लागली आणि मध्येच थांबली. डिस्कमधून टकटक ऐकू आली.

"वायरला धक्का लावू नका कोणी."

पंखा घरघरत होता. पावणेएक. पट्टी हलली, संपली. त्याने फाइल उघडली आणि म्हातारी दुकानभर बोलू लागली: "माज्या सासऱ्याला हिकडनंच नेला, सासूला बी..."

मावशीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बंद कर. कापी घे. गाडी जाईल."

गाडी मिळाली. सुनावणीत व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला गेला. निकाल यायचाय. एक प्रत आता मावशीच्या कपाटात आहे; तिचं नि माझं रोज वाजतं, म्हणून ती माझ्या चुकीवर पांघरूण घालत नाही.

तुमच्याकडेही असं काही असेल, तर आजच त्याची प्रत काढा. गावातल्या अशा माणसाला द्या, ज्याच्याशी तुमचं रोज वाजतं. आणि तुमच्यासमोर, त्याच्या कॉम्प्युटरवर, त्यालाच ती उघडायला सांगा.