मास्कच्या बाहेरची बाई

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. जामसांवलीच्या मारुतीपुढे अंगात येऊन घुमणाऱ्या बाया लहानपणापासून पाहिल्या, तरी नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. सौंसरला बसस्टँडजवळ माझ्या मिस्टरांचा फोटो स्टुडिओ होता. हल्लीच्या मुली कॉम्प्युटरवर फोटो गोलात नाहीतर बदामात बसवतात ना, ते आम्ही काळ्या कागदानं करायचो. त्यात हवा तो आकार कापायचा, तो मास्क प्रिंटच्या कागदावर ठेवायचा आणि वरून निगेटिव्हचा उजेड पाडायचा. आकारातलं तेवढं उमटतं, झाकलेला भाग पांढराच राहतो. कापाकापी माझ्याकडे — मिस्टरांच्या हाती कात्री म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!

धाकटी बहीण कुंदा तेव्हा पांढुर्ण्याहून माझ्याकडे आलेली. तिचं दोनदा ठरलेलं लग्न मोडल्यामुळे बाबा घायकुतीला आले होते. आता रामाकोन्याच्या देवरावांचं स्थळ होतं, संत्र्याची बाग, पण बिजवर, पहिली बायको वारलेली. कुंदा म्हणाली, आधी फोटो दाखवा, मग हो-नाही सांगते.

देवरावांकडे फोटो एकच, पहिल्या लग्नाचा. निगेटिव्ह घेऊन ते स्वतःच आले. बायको शेजारी उभी, पण मान खाली आणि पदर पार नाकापर्यंत. चेहरा नाहीच.

"तिचाबी हा एकच आहे, ताई," ते म्हणाले.

अंडाकृती मास्क लावून मी त्यांना एकट्याला छापलं. ते बाहेर बाकावर बसले, मी पडद्याआड कुंदाला प्रिंट दिला.

"ताई, बाजूची बाई कोन होय?"

"कुठं आहे बाई?"

"हे काय, पांढऱ्यात! हसून राहिली. समोरच्या दाताचा टवका गेला, हनुवटीवर तीळ आहे."

मला वाटलं, स्थळ टाळायला पोरगी सोंग करतेय. असा राग आला! "गप बस, ते बाहेर ऐकून राहिले," मी दटावलं.

तेवढ्यात पडदा सरला. देवराव उभे. मनात म्हटलं, झालं, हेही मोडलं...

"बोराची आठोळी फोडताना तुटला होता तो दात," ते म्हणाले. "मले तिचं तोंडच आठवत नाही आता. अजून सांगा ना."

कुंदा फोटोकडे बघून सांगत गेली. ते दुपट्ट्यानं डोळे पुसत ऐकत राहिले.

संध्याकाळी तिनं होकार दिला. मी म्हटलं, पागल झाली काय? तर म्हणते, "गेलेल्या बायकोसाठी माह्यासमोर रडला तो. मले वाऱ्यावर सोडन काय?"

त्या बाईला कुंदानं कधी पाहिलं नव्हतं. तिचं माहेर लांब बैतूलकडचं. मिस्टर म्हणाले, मास्कखालून उजेड गळला असेल. गळलेल्या उजेडाला तीळ असतो का हो?

कुंदाचा संसार छान झाला. अधूनमधून देवराव तो फोटो बाहेर काढतात आणि कुंदा बघून सांगते. सवतीचं तोंड असं पुन्हा पुन्हा बघायचं म्हणजे मला कसंतरीच वाटायचं, तिला नाही. परवा रामाकोन्याला गेले तेव्हा विचारलंच, "अजून दिसते?"

"दिसते ना," ती म्हणाली. "आता तिचेबी केस पिकले, ताई."

मी चष्मा लावून पाहिलं. देवरावांभोवती मला नुसता पांढरा कागद दिसला. हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही.