मा बाईंचं फ्रेंच

कोरियातल्या सामचोकच्या मुलींच्या हायस्कुलात मा युन-हुई बाई फ्रेंच शिकवायच्या, पण फ्रान्स त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एकदा तिकडच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी निवड झाली होती, तर त्याच वर्षी वडील कोळशाच्या खाणीत दगावले आणि आई एकटी पडली. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

मग बाईंनी फ्रान्सच शाळेत आणायचं ठरवलं. पानगळ सुरू झाली की सभागृहात ‘फ्रेंच संध्याकाळ’ व्हायची. मुली गाणी म्हणायच्या, छोटी नाटकं बसवायच्या, बाकं जोडून बाजार मांडायच्या. अट एकच, आत आल्यावर कोरियन बोलायचं नाही. वर्गात तोंडातून अक्षर न काढणारी ताक सन-यंग एका वर्षी त्या बाजारात कोळीण झाली आणि मासे विकणाऱ्या स्वतःच्या आईसारखीच कमरेवर हात ठेवून फ्रेंचमध्ये अशी काही ओरडली, की मुख्याध्यापक दचकून मागं सरले. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला हात तिचा वर होता.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची माणसंही सामचोककरांसारखीच कुट्टूच्या, म्हणजे खडकाळ जमिनीतही तग धरणाऱ्या धान्याच्या, पिठाची धिरडी खातात, हे बाईंनी वाचलं आणि आईला सांगितलं.

“म्हणजे तिकडंही जमीन खडकाळच दिसतेय,” आई म्हणाली. “बिचारे आपल्यासारखेच.”

तेव्हापासून त्या संध्याकाळी तव्यापाशी आई बसायची. तिला नमस्काराचा आणि आभाराचा असे दोनच फ्रेंच शब्द येत, तरी तिची शिस्त बाईंपेक्षा कडक. “आधी बोंजूर, मग धिरडं!” आणि खाणारी ‘मेर्सी’ न म्हणता वळली, की तिच्या पाठीवर उलथनं हलकेच टेकायचं.

हळूहळू फ्रेंच घेणाऱ्या मुली कमी झाल्या. शेवटी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

“बाई, पालक चिनी मागतात. तुम्ही चुनचॉनला जाऊन चिनीचं प्रशिक्षण घ्या. नोकरी शाबूत राहील.”

“आणि फ्रेंच?”

“फ्रेंच शिकून पोरींनी सामचोकमध्ये काय करायचं, तुम्हीच सांगा.”

ते कुत्सितपणे बोलले नव्हते, खरोखरच विचारत होते.

त्या वर्षी सभागृह विद्यापीठ प्रवेशाच्या व्याख्यानाला दिलं होतं. फ्रेंच संध्याकाळ शिवण आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या पांग बाईंच्या वर्गात झाली. आईला दम लागत होता, तरी ती हट्टानं आली. नेहमीइतकंच पीठ भिजवून आणलं होतं. मोजक्या मुली आल्या, भराभर गाणं म्हणून, खाऊन गेल्या.

“बाकीच्या पोरी कुठायत गं?” आईनं विचारलं.

“शिकवणीला गेल्यात, आई.”

“येतील मग,” असं म्हणून आई धिरडी घालतच राहिली. बाईंना तिला थांब म्हणवेना. सगळं पीठ संपलं. धिरड्यांची चळत गार होत गेली, तेव्हा आईनं गॅस बंद केला आणि हात पुसले.

त्या हिवाळ्यात आई गेली. वसंतात बाई चुनचॉनला गेल्या.

चिनी त्यांनी नेटानं शिकवलं. उच्चारांचे चढउतार चुकले की मुली तोंड दाबून हसत. पुढं एका तुकडीनं विचारलं, “बाई, शेजारच्या शाळेत चिनी सणाला मोमो करतात, गाणी म्हणतात. आपणही करू या ना!” बाई म्हणाल्या, “पुस्तक काढा.” मुली हिरमुसल्या. आपण त्यांच्यावर अन्याय करतोय हे बाईंना कळत होतं, पण पुन्हा तो मांडव घालायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या एका दुपारी बस स्थानकावर एक म्हातारं परदेशी जोडपं नकाशा उलटासुलटा करत भांडत होतं. बाईंचे पाय जागीच थांबले. ते फ्रेंच होतं! शब्द न् शब्द कळत होता. डोंगरातली गुहा पाहायला जाणारी बस त्यांना सापडत नव्हती. बाई धावत पुढं गेल्या, तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते चिनी. थांबून पुन्हा प्रयत्न केला, तर पुन्हा चिनीच. शेवटी त्यांनी बोटानं बस दाखवली. ती फ्रेंच म्हातारी हसत नवऱ्याला म्हणाली, “चिनी आहे वाटतं बिचारी, पण किती गोड!” तेही बाईंना नीट कळलं.

त्या तडक पांग बाईंच्या घरी गेल्या.

“अगं, सवय सुटली की होतं तसं,” पांग बाई म्हणाल्या. “चार दिवस पुस्तकं वाच, येईल परत. नाहीतर सरळ फ्रान्सलाच जा ना आता! कोण अडवतंय तुला?”

“जाऊन काय करू, ताई? तिथं मुक्यासारखी फिरू?”

आईच्या मयतीलाही न रडलेल्या मा बाई पांग बाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून हुंदके देऊन रडल्या. पांग बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पुन्हा फ्रान्सचं नाव त्यांनी काढलं नाही.