रिकाम्या खुर्चीचे फोटो

एक्सरेबाईंनी गावातली निम्मी माणसं आतून पाहिली होती. बँकेच्या मॅनेजरच्या बरगड्या, मुख्याध्यापिकेचा उजवा गुडघा, बेकरीवाल्याच्या सुनेने शिवता शिवता गिळलेलं कोटाचं बटण, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. रस्त्यात कुणी हात केला की त्यांना नाव काही आठवायचं नाही. ‘डावं मनगट, दोन ठिकाणी’ एवढंच आठवायचं, आणि त्या ओळखीवर त्या मनापासून हसायच्या. समोरच्याला वाटायचं, बाई भारी मनमिळाऊ आहेत.

इस्पितळाच्या तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली. अठ्ठावीस वर्षं काम एकच. पेशंटला उभं करायचं, “श्वास घ्या. धरा. हलू नका,” म्हणायचं, चार पावलांत शिशाच्या आडोशामागे जायचं, बटण दाबायचं आणि तिथूनच ओरडायचं, “झालं, सोडा!” हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी दूध उतू जायला लागलं तरी बाई आधी त्याला हलू नका म्हणायच्या.

घरात बाई आणि त्यांच्या आत्या, दोघीच. भावंडांची शिक्षणं, मग आजारपणं, असं करता करता बाईंचं लग्न राहून गेलं, आणि राहिलं ते राहिलंच. वय एक्कावन्न. याचं त्यांना फारसं वाईट वाटायचं नाही. वाटायला लागलं ते गेल्या सहा वर्षांत, आणि त्याला कारण एक्सरेचं मशीन.

मशीन म्हातारं होतं आणि महिन्यातून एकदा तरी रुसायचं. मग बाईंनी कंपनीच्या मुख्य कचेरीत फोन लावायचा. तिथे फोनवर बसून दुरुस्ती सांगणारे एक गृहस्थ होते. बाई त्यांना दुरुस्तीवाले म्हणायच्या, ते बाईंना मॅडम. पहिल्याच फोनला बाईंनी रिसीव्हर मशीनला लावून म्हटलं होतं, “ऐका, कसला आवाज करतंय ते.” पलीकडून माणूस ओरडला, “मॅडम, आधी तुम्ही आड व्हा! मशीन दुसरं मिळतं.” एवढंच. पण बाईंच्या आयुष्यात त्यांना कशाच्याही आधी धरणारं हे पहिलंच माणूस होतं, आणि ते वाक्य त्या सहा वर्षांत विसरल्या नव्हत्या.

पुढे पुढे मशीन सुरू झालं तरी फोन चालू राहायचा. “पुन्हा बंद पडलं तर असावं,” असं दोघंही म्हणायचे. अशा सावधगिरीतच बाईंना कळलं की दुरुस्तीवाल्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांना पुदिन्याचा चहा आवडतो आणि ते शब्दकोडं कधीच पुरं करत नाहीत. एकदा ते म्हणाले, “मॅडम, तुमचा आवाज नुकत्याच जिना चढून आलेल्या मुलीसारखा आहे.” त्या दिवशी बाईंनी एकाच गुडघ्याचे दोन एक्सरे काढले.

आणि मग त्या सोमवारी दुरुस्तीवाले म्हणाले, “मी या महिन्याअखेर निवृत्त होतोय. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तुमच्या गावी येईन म्हणतो. तुम्हाला एक विचारायचं आहे, ते समोर बसून विचारतो. पण त्याआधी तुमचा एक फोटो पाठवा की. तुमच्या मशीनचा आहे आमच्या पुस्तकात, तुमचा कुठेच नाही. पोस्टाने पाठवा हं, माझा फोन नुसता बोलतो.”

काय विचारायचं असेल हे न कळायला बाई काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. आवाज जिना चढून आलेल्या मुलीचा, ठीक आहे. पण चेहरा तर अठ्ठावीस वर्षं जिन्याखाली बसलेल्या बाईचा. फोटो पाहून माणूस आलाच नाही तर? फोनही बंद झाला तर?

कॅमेरा मात्र घरात होता. हौस म्हणून बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून एक जुना घेतला होता. आतापर्यंत त्यात कुंडीतलं निवडुंग, खिडकीचा कडीकोयंडा आणि आत्यांचा चष्मा एवढेच आले होते. आत्या स्वतः यायला तयार नव्हत्या. “माझं आता काय काढायचंय?” असं म्हणून त्या तोंड फिरवायच्या.

स्वतःचा फोटो काढायची युक्ती फोटोवाल्याने शिकवली. बटण दाबलं की कॅमेऱ्यावर लाल दिवा लुकलुकतो, दहा सेकंदांनी फोटो निघतो. तेवढ्यात समोर जाऊन बसायचं. बाईंनी इस्त्रीच्या टेबलावर पिठाचा डबा ठेवला, डब्यावर कॅमेरा. खिडकीशी लाकडी खुर्ची. खुर्चीत आधी उशी उभी केली आणि तिच्यावर नेम धरला, कारण पेशंटशिवाय नेम धरायची त्यांना सवय नव्हती. उजेड बघितला, अंतर मोजलं, उशी काढली. नवा निळा स्वेटर घातला. बटण दाबलं.

फोटोत खुर्ची आली. छान आली, पाठीवरचा ओरखडासुद्धा स्पष्ट. बाई नव्हत्या.

दुसऱ्या फोटोतही खुर्चीच. तिसऱ्यात, चौथ्यात, नवव्यातही. बाईंनी चिडून घड्याळ लावून बघितलं. दिवा बरोबर दहा सेकंद लुकलुकत होता. अकराव्या वेळी त्यांनी हात टेकले आणि कॅमेरा पिशवीत घालून फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या या कॅमेऱ्यात मी येत नाही.”

“बाई, यात जुळ्या मुलांचे वाढदिवस आलेत, कुत्री आलीत, उडतं कबूतर आलंय,” फोटोवाला म्हणाला. “तुम्ही का नाही येणार? दाखवा बघू, कसं करता.”

बाईंनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. समोर स्टूल मांडलं. स्टुलाकडे बघून नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “हलू नका.” बटण दाबलं, आणि चार पावलांत मागच्या हिरव्या पडद्याआड गेल्या. दिवा लुकलुकला. फोटो निघाला.

“बाई?”

“हं?”

“तुम्ही पडद्यामागे काय करताय?”

“फोटो काढतेय,” बाई आतून म्हणाल्या. पडदा बाजूला सारून त्या बाहेर आल्या तेव्हा कानांपर्यंत लाल झाल्या होत्या. फोटोवाला हसून हसून त्याच स्टुलावर बसला, आणि मग बाईंनाही राहवेना.

घरी येऊन त्यांनी आत्यांना फैलावर घेतलं. “मी दर वेळी दाराआड जात होते! तू समोर बसली होतीस ना? सांगायचं नाही का?”

“मला वाटलं, असंच काढतात,” आत्या म्हणाल्या. “इस्पितळातही तू तेच करतेस. मला वाटलं, तो कॅमेरा मागनं घेत असेल तुला.”

आता बंदोबस्त करणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दारातच खुर्ची टाकून बसल्या, हातातली काठी आडवी धरून. बाईंनी बटण दाबलं, पाय दाराकडे वळले, काठी नडगीला लागली, आणि बाई उड्या मारत खुर्चीत येऊन पडल्या. या फोटोत त्या आल्या, पण नडगी चोळताना. पुढच्यात नीट बसल्या, तर गाल फुगलेले आणि डोळे बाहेर; “हलू नका” म्हटल्याबरोबर त्यांनी स्वतःच श्वास धरला होता. तिकडे आत्याही त्या हुकमाने अशा थिजायच्या की फोटो निघाल्यावर त्यांना “सोड गं” असं सांगावं लागायचं. चार दिवस रोज सकाळी हा तमाशा. शेजारीण साखर मागायला आली आणि दारातली काठी बघून तशीच परत गेली.

पाचव्या दिवशी एक फोटो जमला. डोळे उघडे, हनुवटी सरळ, केस जागच्या जागी. आत्यांनी चष्मा पुसून बघितला. “हा पाठव. अगदी बँकेत लावण्यासारखा आहे.”

बाईंनी त्याची प्रत काढून आणली, आणि सहज म्हणून पहिल्या दिवसाच्या एका फोटोचीही. रात्रीच्या जेवणाआधी दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवून त्या बघत बसल्या. जमलेल्या फोटोत एक बाई होती, बस म्हटल्यावर बसलेली. तिच्याकडे बघून त्यांना काहीच वाटेना. अशा कितीतरी बायका रोज त्यांच्या खोलीत यायच्या, आपल्याला काय झालंय ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघायच्या. दुसऱ्यात खिडकीतला उजेड, रिकामी खुर्ची, आणि अगदी कडेला, दाराच्या उजव्या अंगाला, निळ्या स्वेटरचं कोपर आणि चपलेतून उचललेली एक टाच. ती टाच बघून बाईंना हसू आलं. ही मात्र आपली, शंभरात ओळखता येईल अशी. जिना चढून आलेल्या मुलीचीसुद्धा असू शकेल.

“हाच पाठवते,” बाई म्हणाल्या.

“रिकाम्या खुर्चीचा फोटो?” आत्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, तो बिचारा समजेल, ही गेली!”

“कळलं तर कळलं त्यांना. आणि नाही कळलं, आत्या, तर जन्मभर मला त्यांच्यासमोर त्या बँकेतल्या बाईसारखंच बसावं लागेल. ते मला झेपायचं नाही.”

फोटोच्या मागे बाईंनी ‘माझा फोटो’ एवढेच दोन शब्द लिहिले आणि पाकीट चिकटवलं. सकाळी पोस्टाच्या पेटीशी मात्र हात आत गेला तो बाहेरच येईना. पाकीट सोडवत नव्हतं. मागे उभ्या माणसाने खाकरून “टाकताय का काढताय?” असं विचारल्यावर सुटलं एकदाचं.

मग सहा दिवस. बाईंना जेवण गोड लागेना. मशीनही लबाड, एकदाही बंद पडलं नाही. फोन करायला निमित्त म्हणून मिळेना. महिना संपत आला. दुरुस्तीवाल्यांचा कचेरीतला शेवटचा दिवस शुक्रवार, हे बाईंना ठाऊक होतं. सोमवारपासून त्या नंबरावर दुसरंच कुणी बोलणार होतं.

शुक्रवारी दुपारी गावच्या बँडमधला ट्रम्पेटवाला आला होता, छातीचा एक्सरे काढायला. बाईंनी त्याला पाटीला चिकटवून उभा केला. “श्वास घ्या. धरा. हलू नका.” चार पावलं, आडोसा, बटण. आणि नेमका त्याच क्षणी आडोशामागचा फोन वाजला.

“एक्सरे विभाग,” बाई सवयीने म्हणाल्या.

“मॅडम, मी.”

सहा वर्षांत आपण होऊन त्यांनी कधी फोन केला नव्हता. “मशीन ठीक आहे,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

“मशीनचं कोण विचारतंय? फोटो मिळाला.”

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“आधी मीही बुचकळ्यात पडलो,” दुरुस्तीवाले म्हणाले. “म्हटलं, खुर्ची का पाठवली? मग कडेला टाच दिसली, आणि मी इथे एकटाच असा हसलो की शिपाई पाणी घेऊन आला. बटण दाबलंत आणि आड झालात, हो ना? घरीसुद्धा?”

“सवय,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“बरं केलंत. पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं, आधी तुम्ही आड व्हा. रविवारी अकराच्या गाडीने येतोय. ओळखीन मी तुम्हाला. चेहऱ्याचं नंतर बघू.”

बाईंना उत्तर द्यायचं होतं. या, असं म्हणायचं होतं, पुदिना आणून ठेवते म्हणायचं होतं. पण छातीत सगळं गच्च धरलेलं, आवाजच फुटेना. पलीकडचा माणूस सहा वर्षं फोनवरून मशीनची कुरकुर ओळखत आला होता. त्याने ही शांतताही थोडा वेळ ऐकली.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “झालं. श्वास सोडा आता.”

बाईंनी श्वास सोडला. सहा दिवसांचा साठलेला होता, सगळा एकदम बाहेर आला, आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांतलं पाणी. “या,” त्या म्हणाल्या. “नक्की या.”

तेवढ्यात आडोशापलीकडून ट्रम्पेटवाल्याचा घुसमटलेला आवाज आला.

“बाई, मीही सोडू का?”