खळ्यासारखं मैदान

मी मुळातच घाबरट. पाल, परीक्षा, गणिताचे सर, कारखान्याचा भोंगा, सगळ्याला घाबरून झालं होतं. पण नववीत असताना एका फुटबॉलच्या मैदानापायी जी भीती पोटात शिरली, ती अजून पुरती निघालेली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात होते आणि आम्ही सालवडला चाळीत राहत होतो. शाळेत खेळाच्या बाई नव्याने आल्या आणि त्यांनी मुलींना फुटबॉल शिकवायचं खूळ घेतलं. अकरा मुली जमवता जमवता त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी निम्म्या आम्ही चाळीतल्या आणि निम्म्या बेटेगावजवळच्या पाड्यावरच्या, असा संघ उभा राहिला. गोलात पाड्यावरचीच एक मुलगी असायची. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती कशालाच घाबरायची नाही, म्हणून माझं तिच्याशी जमायचं.

त्या वर्षी बाई एक बातमी घेऊन आल्या. मुंबईत परदेशी मुलींच्या संघांची मोठी स्पर्धा होणार होती, आणि त्याआधी एक सराव सामना आमच्या बाजूच्या एखाद्या गावाला मिळणार होता. परदेशी संघ स्थानिक मुलींबरोबर खेळणार! ज्या गावाला तो हवा असेल त्याने अर्ज करायचा, मग समिती येऊन मैदान बघणार. पालघरने अर्ज केला. शिरगावनेही किल्ल्याजवळच्या मैदानासाठी केला, पण तिथे वाळू फार, म्हणून आम्ही त्यांना मोजत नव्हतो. बोईसरचा अर्ज बाईंनी स्वतः वळणदार अक्षरात लिहिला. मैदान म्हणून दाखवली ती पाड्याला लागून असलेली गुरचरण. तिथेच आम्ही रोज खेळायचो. हिरवंगार गवत होतं, तेवढीच आमची श्रीमंती.

अर्जाबरोबर पालकांची संमती लागत होती. वडिलांनी कागद दोनदा वाचला. मी दाराशी उभी होते.

"सामना इथं झाला तर खेळ," ते म्हणाले. "मी स्वतः बघायला येईन. पण पालघरला गेला तर हे खूळ बंद. दहावीची तयारी करायची आणि सुट्टीत गावी आत्याकडं जायचं."

आत्याकडे जायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आत्यानेच जमवलं होतं. तिची दहावी राहिली ती राहिलीच.

समिती रविवारी यायची होती. त्या आठवड्यात बाईंना कामासाठी ठाण्याला जावं लागलं. जाताना त्यांनी मला सांगितलं, "पाड्यावरच्या बायकांना निरोप दे. मैदान साफ ठेवा म्हणावं. शेण, दगड, काटेकुटे उचलायचे. बाकी काही नको."

एवढा साधा निरोप. पण मोठ्या माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळायची. मी गोलातल्या त्या मैत्रिणीच्या आईकडे गेले. ती पाड्यावरची वजनदार बाई, तिचा शब्द सगळ्या बायका ऐकायच्या. अंगणात ती सामान बांधत होती, कारण भातझोडणी उरकली होती आणि घरंच्या घरं पावसाळ्यापर्यंत कामाला बाहेरगावी निघायच्या बेतात होती. मी एका दमात म्हटलं, "मोठे पाहुणे येणार आहेत, मैदान साफ पाहिजे."

"कसं साफ?" तिने विचारलं. "खळ्यासारखं?"

मी खळं कधी नीट पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पण नाही म्हटलं तर पुढे समजावून सांगावं लागेल, आणि त्याचीच मला भीती.

"हो," मी म्हटलं. "खळ्यासारखं." आणि पळाले.

बाई नाहीत म्हणून आठवडाभर सराव नव्हता, मैत्रीणही आईच्या मदतीला घरीच होती. शनिवारी दुपारी शाळेतून परस्पर तिकडे गेले आणि जागच्या जागी थिजले. गवताची काडी शिल्लक नव्हती. चार दिवस बायकांनी कुदळी-फावड्यांनी ते खरवडून काढलं होतं, जमीन पाण्याने भिजवून लाकडी धुमशांनी चोपली होती, आणि या गोलापासून त्या गोलापर्यंत शेणाने सारवलं होतं. शेण पुरलं नाही म्हणून कडा नुसत्याच चोपलेल्या. दोन्ही गोलांसमोर तांदळाच्या पिठाने पांढरे चौक काढले होते. खळं असंच करतात: धान्य पडायचं तिथे गवत नको, माती नको, आणि चपलेचा पाय तर नकोच. घरातल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टीसाठी जी जागा करतात, ती त्यांनी आमच्यासाठी केली होती. त्यासाठी कामावर निघणंही पुढे ढकललं होतं.

मैत्रिणीची आई कोपरापर्यंत शेणाने माखलेली. तिने हसून विचारलं, "कसं झालंय?"

"छान," मी म्हटलं. फुटबॉलला गवत लागतं, हे सांगायला तोंडच उघडेना. तिथे उभं राहून मला फक्त आत्याचं घर दिसत होतं.

रविवारी सकाळी जीप आली. समितीचे दोन साहेब आणि एक बाई. आमच्या बाई त्यांच्याबरोबरच उतरल्या, आणि मैदान बघून त्यांचा चेहरा उतरला तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. वडील कुंपणाशी हाताची घडी घालून उभे. बघ्यांमधला एक कामगार मोठ्याने म्हणाला, "अरे, घास किधर गया?" आणि सगळे हसले. पाड्यावरच्या बायकाही हसल्या. कौतुक चाललंय असं त्यांना वाटलं.

मोठे साहेब मैदानात पाय टाकणार, तोच मैत्रिणीची आई आडवी आली.

"साहेब, बूट काडा. खळं हाय ते."

साहेब गोंधळले आणि बाहेरच थांबले. समितीच्या बाईंनी मात्र चपला काढल्या आणि अनवाणी मधोमध चालत गेल्या. आम्हाला दहा मिनिटं खेळून दाखवायचं होतं. वाळलेल्या शेणावरून चेंडू सुसाट जायचा. मी दोनदा आपटले, गुडघा फुटला, पण वडील बघताहेत या भीतीनेच अशी धावले की तशी परत कधी धावले नाही. गोलात मैत्रिणीने पाच चेंडू अडवले. सहावा गेलाच नाही तिकडे.

खेळ थांबल्यावर साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "हे करायला कोणी सांगितलं?"

आमच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणीच्या आईनेही पाहिलं. कुंपणाशी वडील. मी फुटलेल्या गुडघ्यावरची माती झटकत राहिले.

"कुनी नाय सांगतलं," मैत्रिणीची आई म्हणाली. "आमीच केलं. पावने येनार म्हनून."

साहेब "कळवतो" म्हणाले आणि जीप गेली.

वडील चाळीच्या दारापर्यंत माझ्या पुढे झपाझप चालत राहिले. मला वाटलं, संपलं. दारात त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "चांगली खेळतेस. पण निरोप तू दिला होतास ना? तोंडावरून दिसत होतं. त्या बाईनं तुझ्यासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. उद्या जा, तिची माफी माग, शाळेतल्या बाईंनाही खरं सांग. ते केलंस तर सामना कुठंही होऊ दे, तुझा खेळ चालू."

अशी सोपी अट कोणाला मिळते? पण सोमवारी माझं डोकं दुखलं. मंगळवारी पोट. खरं म्हणजे दुखत काहीच नव्हतं, नुसती भीती. बुधवारी गेले तेव्हा पाड्यावरची दारं दोरीने बांधलेली होती. सगळ्यांना कामावर नेणारा ट्रक आदल्याच दिवशी गेला होता, मैत्रीणही त्यातच. सारवण मधोमध तडकलं होतं आणि पिठाच्या चौकावरून गुरं गेली होती.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. सामना पालघरला मिळाला. तिथल्या मुलींचा संघ परदेशी मुलींशी खेळला आणि वडील मला तो बघायला घेऊन गेले. सगळा वेळ मी समोरचं गवत बघत बसले. माझा खेळ मात्र चालू राहिला. आत्याकडे जावं लागलं नाही. पुढे मी कॉलेजात खेळले, त्याच्याच जोरावर नोकरी लागली. आयुष्य उभं राहिलं ते त्या एका "हो"वर.

पावसाच्या तोंडावर पाड्यावरची माणसं परतली. मी मनाशी शब्द पाठ करून गेले. मैत्रिणीची आई दार झाडत होती, मैत्रीण डोक्यावरचा हंडा उतरवत होती. मला बघून आईने झाडू खाली टाकला.

"काय गं, झाला का तुमचा सामना?"

"झाला," मी म्हटलं.

"आपल्या खळ्यावर?"

तिचा चेहरा इतका उजळला होता!

"हो," मी म्हटलं.

तिने शेजारणीला हाक मारली, "आयकलंस? आपल्याच खळ्यावर खेळल्या त्या पोरी." शेजारीण कौतुकाने बाहेर आली.

मैत्रिणीने हंडा भिंतीशी टेकवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मंग गोलात कोन उभी होती?"