मालनकाकीने पाहिलेली बोट

मालनकाकी मुंबईला बोट बघायला गेली होती असं आमच्या बुरोंडी गावात सगळे सांगतात. ते खरं नाही. ती नवऱ्याला परत आणायला गेली होती, आणि त्यासाठी तिच्या पिशवीत ग्रामदेवीपुढचा नारळ होता.

तिचा नवरा, म्हणजे माझा चुलता हरिश्चंद्र, परदेशी कंपनीच्या एका सहलीच्या बोटीवर कपडे धुण्याच्या खात्यात होता. बोट लहानशी, दीडशे प्रवाशांची. दहा महिने समुद्रावर आणि दोन महिने घरी, असं चौदा वर्षं चाललं होतं. ही शेवटची खेप, असं तो दर सुट्टीत सांगायचा आणि सुट्टी संपली की पेटी भरायचा. १९८३च्या डिसेंबरात बोट मुंबईला लागणार आणि घरच्यांना ती बघायचा पास मिळणार, असं पत्र आलं. काकीने ठरवलं की आता नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची. आमच्याकडे तोंडचा शब्द माणूस फिरवतो. नारळावरचा फिरवायची कुणाची छाती होत नाही.

मी तेव्हा दापोलीला कृषी विद्यापीठात कारकून होतो. पासावरचं इंग्रजी वाचायला म्हणून मला सोबत धाडलं. मलाही बोट फुकटात बघायची होतीच, तेव्हा उपकार वगैरे काही नाही.

बोटीच्या शिडीपाशी काकीने पहिलं काम केलं ते चपला काढायचं. बोट म्हणजे देवी, तिच्यावर चपला घालून चढायचं नाही, हे बुरोंडीत पोर चालायला लागतं तेव्हाच शिकतं. पहारेकऱ्याने हातवारे करून चपला घाला म्हणून सांगितलं. तिने हातवारे करून त्यालाच त्या राखायला सांगितलं. मला लाज वाटली आणि मी बूट घालूनच वर गेलो, हे कबूल करतो. काका वरच उभा होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्याने तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

मग त्याने बोट दाखवायला सुरुवात केली. जेवणाच्या हॉलमधली टेबलं जमिनीला स्क्रूने आवळलेली. वाचनालयातल्या पुस्तकांना पुढून पट्टी, लाटेत पडू नयेत म्हणून. चाळीस खुर्च्यांचं थिएटर, केस कापायचं दुकान, दोन खाटांचा दवाखाना. वरच्या डेकवर पोहायचा तलाव होता, तो आमच्या विहिरीपेक्षा लहान निघाला. एका खोलीत चाकाविना सायकल होती. तिच्यावर बसून माणसं तासभर पाय मारतात आणि होती तिथेच उतरतात, हे ऐकून काकीने तोंडाला पदर लावला.

प्रत्येक ठिकाणी ती एकच विचारत होती, तुम्ही इथे बसता का, तुम्ही इथे पोहता का. काका दर वेळी सांगायचा की हे प्रवाशांसाठी आहे, आम्हाला मनाई. प्रत्येक नकाराला काकीचा चेहरा उजळत चालला होता. तिचा हिशोब मला कळत होता. इथलं काहीच याचं नाही, मग हा कशासाठी राहील? तिने पिशवीतला नारळ दोनदा चाचपला.

शेवटी तो आम्हाला तीन लोखंडी जिने उतरून खाली घेऊन गेला. तिथे खिडकी नव्हती, उकाडा मात्र भरपूर होता. लॉन्ड्रीच्या दाराबाहेर दोन जोडी बूट ओळीने लावलेले. काकाने वाकून स्वतःचे बूट काढले आणि त्याच ओळीत ठेवले. मग माझ्याकडे बघितलं. मीही काढले.

आत त्याचं राज्य होतं. धुलाईची यंत्रं, वाफेची इस्त्री, नंबर घातलेल्या पिशव्या, फळीवर देवीची तसबीर. एक गोरा अधिकारी तुटलेल्या गुंडीचा शर्ट घेऊन आला, न सांगता बूट काढून आत शिरला आणि नंबर लागेपर्यंत उभा राहिला. बोट डोलत असताना एकट्याने चादरीची घडी कशी घालायची, ते काकाने पाठ भिंतीला टेकवून दाखवलं. हाच माणूस घरी मीठ कुठे आहे ते विचारायचा आणि पडवीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. त्याच्या वडिलांची, धोंडूआजोबांची होडी खडकावर फुटली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर आमच्या घरात होडी झाली नव्हती.

अधिकारी गेल्यावर काकीने नारळ काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. काकाला सांगावं लागलं नाही. तो पांढरा पडला. मग त्याने सावकाश हात पुढे केला.

तो टेकण्याआधीच काकीने नारळ उचलला आणि देवीच्या तसबिरीपुढे ठेवला.

"बोटीचा नारळ हाय," ती म्हणाली. "बोटीलाच ऱ्हाऊं दे."

उतरल्यावर पहारेकऱ्याने तिच्या चपला खुर्चीखालून काढून दिल्या. त्या पायात सरकवताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. परतीच्या एसटीत मी चिडून विचारलं, एवढा खटाटोप केलास, मग शपथ का नाही घ्यायला लावलीस?

"आले असते रं घरी," ती म्हणाली. "पन येऊन पावण्यासारखे बसले असते. पावना मला चौदा वर्सं हायच."

काका आणखी चार वर्षं बोटीवर राहिला. त्या वर्षांत काकीने कुणाला काही बोलून दाखवलं नाही. मी असतो तर गाव डोक्यावर घेतलं असतं. १९८७ला तो आपण होऊन आला आणि दापोलीत एसटी स्टँडच्या मागे त्याने एका गाळ्यात लॉन्ड्री काढली. आत यायचं तर चपला बाहेर, म्हणून कॉलेजची पोरं पहिल्या दिवसापासून कुरकुरायला लागली.

त्याच पहिल्या दिवशी काकी बुरोंडीहून आली होती. फळीवर तीच तसबीर, आणि तिच्यापुढे वाळून खडखडणारा तोच नारळ. तिने पायरीखाली चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी थांबून राहिली. आम्ही पाच-सहा जण तिथे होतो. काका चारचौघांत तिला कधी नावाने हाक मारत नसे. त्या दिवशी इस्त्री बाजूला ठेवून त्याने हात पुढे केला.

"मालन," तो म्हणाला, "चढ वर."